दादांची सायकल पुन्हा रस्त्यावर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक जुनी काळी सायकल पडून असते. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या मागच्या पडवीत बाजेच्या आड. टायर बसलेले, सीटवर धुळीचा थर, हँडलला रिकाम्या पिशव्या अडकवलेल्या. घर लहान, माणसे जास्त. म्हणून पावसाळ्याआधी आवराआवर निघाली की "ही अडगळ एकदाची भंगारात द्या" असा ठराव दरवर्षी होतो आणि घरातले एखादे म्हातारे माणूस दरवर्षी तो हाणून पाडते. वाचकहो, त्या म्हाताऱ्या माणसाचे ऐका, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मी कारकून माणूस, बी. कॉम. झालेला. जमाखर्च मांडल्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा या सायकलीचा जमाखर्चही पुढे दिला आहे.

आमच्या घरची सायकल वडिलांची. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा भुसावळला रेल्वेत खलाशी होते. १९७९ साली त्यांनी नोकरीतल्या सायकल ॲडव्हान्सवर ॲटलस कंपनीची २२ इंची सायकल घेतली आणि दरमहा पगारातून हप्ता कापून ती फेडली. आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण सरकारी नोकराला सायकल घेण्यासाठी उचल मिळत असे. केंद्र सरकारने ती सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली बंद केली. त्या काळी गावोगावच्या नगरपालिकाही सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. आमच्या घरात दादांच्या नावाची पावती असलेली ती पहिली वस्तू. ना जमीन, ना घर, सायकल. आईने ती पावती अजून रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली आहे.

दादांनी चाळीस वर्षे ती सायकल वापरली. रात्रपाळीला डायनामोच्या उजेडात जायचे, सकाळी कॅरिअरला भाजीची पिशवी लावून यायचे. मी नळीवर आणि धाकटी बहीण कॅरिअरवर, असे आम्ही शाळेत गेलो. रविवारी अंगणात सायकल उलटी करून ते तेलपाणी करायचे आणि पाना देण्याचे काम माझ्याकडे असायचे. २०१९ साली दादा गेले आणि सायकल पडवीत उभी राहिली ती राहिलीच.

आता प्रसंग सांगतो. माझी बहीण भुसावळपासून ७ किलोमीटरवरच्या खेड्यात राहते. मेहुणे करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली गेले. बहीण शाळेत मुलांची खिचडी शिजवते आणि हंगामात शेतात मजुरीला जाते. २०२४ साली भाची दहावी झाली, ८१ टक्के मिळाले. तिला सायन्सला जायचे होते. सायन्सचे कॉलेज भुसावळात, वेळ सकाळी साडेसातची. त्या वेळेला गावातून धड वाहन नाही. रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरते तेव्हा कॉलेजचा पहिला तास संपलेला असतो. जायचे-यायचे ४० रुपये, म्हणजे महिन्याचे हजार. बहीण मला म्हणाली, "भाऊ, जवळच्या गावात आर्ट्स आहे. तिथेच टाकू का हिला?"

मुलीने काही हट्ट केला नाही. तीच गोष्ट मला लागली. हट्ट न करणारे मूल बहुतेक वेळा आईच्या पदरातले पैसे मोजून गप्प झालेले असते. दुकानात चौकशी केली तर साध्या लेडीज सायकलीची किंमत साडेसहा हजारांच्या पुढे. पुस्तके, प्रवेश, कपडे, सगळे एकाच महिन्यात आलेले. त्याच आठवड्यात भंगारवाला दारात आला. दादांच्या सायकलीचे त्याने ४५० रुपये सांगितले. आई म्हणाली, "साडेचारशात त्याची चाळीस वर्षे देऊ का?" मी सायकल बाहेर काढली आणि ढकलत नाक्यावरच्या मिस्त्रींकडे नेली.

हे मिस्त्री म्हणजे सगळ्या वस्तीचे चाचा. निंबाखाली त्यांचे दुकान: एक पेटी, एक पंप, पाण्याचे घमेले आणि लाकडी फळीवर टांगलेली चाके. चाचांनी आधी सायकलीचे चारी सांधे हाताने पुसले. जिथे नळ्या एकमेकींना मिळतात तिथे नखाने खरवडून पाहिले. मग मागून एक डोळा मिटून पुढचा चिमटा सरळ आहे की वाकलाय ते बघितले. मग म्हणाले, "भाऊ, हाड शाबूत आहे. मांस चढवता येतं."

जुन्या सायकलीची सगळी परीक्षा या एका वाक्यात आहे. वरवरचा गंज, फाटलेले टायर, सैल चाक, तुटलेले स्पोक यांना घाबरायचे कारण नाही. हे सारे बदलता येते. पण सांध्याला तडा असेल, नळी आतून गंजून पोकळ झाली असेल किंवा चिमटा वाकला असेल तर ती सायकल रस्त्यावर आणू नये. आपल्या खानदेशात उन्हाळा कडक, हवा कोरडी. त्यामुळे लोखंड कोकणातल्यासारखे लवकर खात नाही. पण रबर मात्र उन्हाने तडकते. आमचेही तेच झाले होते. सांगाडा ठणठणीत आणि दोन्ही टायर पापडासारखे.

माझ्या मनात शंका होती ती पार्टची. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी बंद पडल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते. मग ४५ वर्षांच्या सायकलीचे सामान कुठून आणायचे? चाचा हसले. ही जी आपली काळी सायकल आहे ती मुळात इंग्रजी नमुन्याची. ॲटलस, हर्क्युलिस, हिरो, एव्हन, नाव कोणतेही असो, मापे जवळपास तीच. २८ बाय दीड इंचाचे टायर, अर्ध्या इंचाच्या कडीची चेन. लुधियानात हे सामान ढिगाने बनते आणि तालुक्याच्या दुकानात मिळते. कंपनी गेली तरी माप राहिले आहे, म्हणून सायकलही राहते. नव्या महागड्या सायकलीचा एखादा पार्ट गेला की शहरात शोधत फिरावे लागते. या म्हातारीचे तसे नाही.

मी म्हटले, "चाचा, किती दिवसांत द्याल?" त्यांनी उलट विचारले, "चालवणार कोण?" भाची चालवणार म्हटल्यावर म्हणाले, "मग तिला घेऊन या. हात तिचे काळे झाले पाहिजेत. सात किलोमीटरच्या रस्त्यात चेन उतरली तर तिथं मामा येणार की चाचा?" असे तीन रविवार ठरले.

पहिल्या रविवारी सायकल खोलली. पायडल काढताना भाचीने सगळा जोर लावला तरी डावे पायडल हलेना. चाचांनी दाखवले की उजव्या पायडलचा आटा सरळ आणि डाव्याचा उलटा असतो. चालवताना पायडल आपोआप सुटून येऊ नये म्हणून ही योजना. क्रँकची कॉटर पिन काढताना त्यांनी तिच्या टोकाला नट ठेवूनच हातोडी मारली, नाहीतर आटे चेपतात आणि पिन वाया जाते. खालून लोखंडी नळकांड्याचा टेकू दिला, म्हणजे हातोडीचा मार छर्‍यांवर बसत नाही. हबचे छर्रे एका ताटलीत काढून डिझेलने धुतले. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला ९, पुढच्यात प्रत्येक बाजूला १०. भाचीने मोजून वहीत लिहून ठेवले. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते; ते काढल्यावर आतल्या वाट्या अजून गुळगुळीत निघाल्या. चाचा म्हणाले, "तुमच्या वडिलांनी वेळच्या वेळी ग्रीस भरलंय, म्हणून हे जिवंत आहे." हे ऐकायला आई तिथे हवी होती असे मला वाटले.

दुसरा रविवार चाकांचा. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक. त्यातले ७ तुटलेले होते, ते नवे घातले. मग चाकाचा आऊट काढायचा. चाक फिरवायचे, रिम ज्या बाजूला घासते तिथे खडूची खूण करायची, त्याच्या विरुद्ध बाजूचे स्पोक थोडे आवळायचे, समोरचे थोडे सैल करायचे. एका वेळी निपल अर्धाच आटा फिरवायचे, जास्त नाही. हे घाईचे काम नव्हे. भाचीला यात दोन तास लागले आणि चाचांनी एकदाही पाना तिच्या हातातून घेतला नाही. हबचा कोन किती आवळायचा याची त्यांनी एक सोपी खूण सांगितली. चाक हातात धरून हलवले तर खडखड होऊ नये, आणि सोडून दिले की वॉलच्या वजनाने चाकाने आपण होऊन फिरून वॉल खाली आणावा. तसे झाले तर चाक मोकळेही आहे आणि सैलही नाही. ब्रेक दांड्याचे, दांडे सरळ केले, चारही रबर नवे बसवले.

तिसऱ्या रविवारी चेन, टायर आणि सीट. जुन्या चेनच्या २४ कड्या मोजल्या. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात; आमची त्याहून चांगली एक सूत वाढलेली होती, म्हणून बदलली. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन पुढे सरकते त्या दिशेला ठेवायची, नाहीतर लॉक निसटतो. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन अर्धा इंच खालीवर झाली पाहिजे. सीटचे चामडे कडक झाले होते, पण फाटलेले नव्हते. खालून तेलाचा हात दिला आणि तेच ठेवले. डायनामो मात्र काही केल्या जिवंत झाला नाही. त्याऐवजी बॅटरीचा छोटा दिवा आणि मागे लाल दिवा बसवला. कॉलेजला निघताना हिवाळ्यात अंधारच असतो.

भाचीने एक हिशेब आपणहून केला. पुढच्या चक्राला दाते ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे जवळपास अडीच फेरे, आणि अंतर सुमारे साडेपाच मीटर. कॉलेजपर्यंत सात किलोमीटर म्हणजे जवळपास तेराशे फेरे. "मामा, तेराशेच आहेत!" ती म्हणाली. रिक्षाच्या भाड्यात मोजताना जे अंतर आवाक्याबाहेरचे वाटत होते, ते पायाच्या हिशेबात एकदम जवळ आले.

आता सायकल तयार झाली, पण गावात बोलणे निघालेच. नळीची जेंट्स सायकल आणि वर पोरगी बसणार? बहिणीचे मन डळमळले. इथे मला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची आठवण झाली. १९९१ पासून तिथे साक्षरतेची मोठी चळवळ झाली आणि त्या वेळच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा त्या चळवळीचाच भाग केला. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या बाया हजारोंनी सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. काही जणींना तर जेंट्स सायकलच जास्त आवडली, कारण नळीवर लेकराला बसवता येते. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे तिथे जाऊन पाहून लिहिले आहे. पुढे बिहार सरकारनेही २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. शाळा दूर आणि वाहन नाही हा प्रश्न आपल्या एकट्याच्या गावाचा नाही, आणि त्याचे उत्तर बायांनी दोन चाकांवर बसून दिलेले आहे. हे मी बहिणीला सांगितले. पण तिचे मन वळवले ते आईने. ती म्हणाली, "त्याच नळीवर तुझ्या भावाला आणि कॅरिअरवर तुला बसवून नेलं ना शाळेत? तेव्हा नळी वाईट नव्हती. आता तिच्या लेकीला का वाईट?"

सीट खाली केली, म्हणजे दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात. डावा पाय पायडलवर ठेवून दोन-तीन ढकल्या द्यायच्या आणि उजवा पाय मागून कॅरिअरवरून टाकायचा. ही चढण्याची रीत तिने शाळेच्या मैदानात आठ दिवस घोटली. पंजाबी ड्रेसची ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ती कमरेला बांधायची आणि चेनकव्हर पक्के लावायचे. चाचांनी एक ताकीद दिली ती सर्वांनी लक्षात ठेवावी: या लोखंडी रिमला पावसात ब्रेक कमी लागतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक आधीच हळूहळू धरायचा आणि उतारावर वेग घ्यायचाच नाही.

आता कबूल केलेला हिशेब. दोन टायर ६४० रुपये, दोन ट्यूब २६०, चेन १७०, ब्रेकचे रबर ६०, छर्रे आणि कोन १३०, दोन कॉटर पिन ४०, सात स्पोक ५०, पायडल जोडी १६०, डिझेल-ग्रीस-पॉलिश पेपर १४०, कुलूप आणि घंटी २२०, दिवे १८०, चाचांची मजुरी ४५०. एकूण २,५०० रुपये. रिक्षाचे अडीच महिन्यांचे भाडे. तिसऱ्या महिन्यापासून सायकलीने आपला खर्च फेडलेला होता. दरमहाचे जे हजार वाचले त्यातून बहिणीने भौतिक-रसायनाची पुस्तके घेतली. अकरावीचे पूर्ण वर्ष भाची याच सायकलीवर गेली. नाल्याला पूर आला ते दिवस आणि आजारपणाचे दिवस सोडले तर तिची हजेरी चुकली नाही.

ती दप्तरात एक छोटी पिशवी ठेवते: दुतोंडी पाना, चेनचा एक जादा लॉक, सोल्युशन, रबराचे तुकडे, कानशीचा तुकडा आणि वॉलट्यूबचे दोन इंच. वॉलट्यूब म्हणजे वॉलवर चढवायची रबराची बारीक नळी. ती कुजली की हवा जाते आणि माणूस उगाच पंक्चर शोधत बसतो. आधी वॉलवर थुंकीचे बोट लावून बुडबुडा येतो का पाहावे. दोन रुपयांची वस्तू, पण ती नसली तर सात किलोमीटर सायकल ढकलावी लागते. गावातल्या आणखी दोन मुलींची पंक्चर आता भाचीच काढते.

हे पाहून वस्तीतल्या लोकांनी आपापल्या सायकली बाहेर काढल्या. विहाराच्या अंगणात आम्ही रविवारी सकाळी जमलो, चाचांना बोलावले, त्यांची मजुरी वर्गणीतून दिली. पाच सायकली आल्या. चार रस्त्यावर लागल्या. पाचवीच्या सांध्याला तडा निघाला. मालक म्हणाले, वेल्डिंग मारून घेऊ. चाचांनी साफ नकार दिला: "पोराला बसवायचं आहे ना? मग नाही." तिचे मागचे चाक आणि सीट दुसऱ्या दोघांच्या कामी आले. चाचांचे वय आता सत्तरीला टेकले आहे. त्यांच्या दुकानात शिकायला मुलगा नाही. त्या अंगणात मात्र सात-आठ पोरे-पोरी त्यांच्याभोवती उकिडवी बसून छर्रे मोजत होती, आणि चाचा न रागावता एकच गोष्ट तीन-तीनदा सांगत होते.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी अशी सायकल असेल तर ती एकदा उजेडात आणा. सांधे पुसून पाहा, चिमटा सरळ आहे का पाहा. हाड शाबूत असेल तर भंगारवाल्याला परत पाठवा. सामान आणायला मिस्त्रींना विचारा, त्यांची मजुरी घासाघीस न करता द्या. आणि सायकल ज्या मुलाला किंवा मुलीला चालवायची आहे, पाना पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात द्या.